नववीचं त्वरण: पोरीचं उत्तर ५.४, पुस्तकाचं १.५, कसं काढायचं नेमकं?

शेंगाचटणी_सोलापूर
नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, मराठी मिडियम. विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम आणि तिथंच गाडी अडकलीय. सूत्र पाठ आहे, झोपेतून उठवलं तरी सांगती, पण गणित करायला बसली की उत्तर जुळत नाही. आता हे बघा, थांबलेली मोटरसायकल निघून १० सेकंदात ५४ किमी प्रतितास वेग घेते तर त्वरण किती. तिनं ५४ भागिले १० करून ५.४ लिहिलं, उत्तर दिलंय १.५. क्लासला विचारलं तर "युनिट बघ" एवढंच सांगून पुढचा धडा सुरू. मी कॉमर्सवाला, नई पेठेत दुकान आहे, दिवसभर आकडेमोडच करतो पण इथं हात चालंना. नुसतं ह्या गणिताचं उत्तर नकोय, त्वरण म्हणजे काय आणि ते काढायचं कसं हे रात्री तिच्याजवळ बसून सांगता आलं पाहिजे असं काहीतरी लिहा.

विजापूररोड_मास्तर
दादा, पहिल्यांदा लेकीला सांगा की तिची पद्धत बरोबर आहे. वेग किती बदलला आणि तो बदलायला वेळ किती लागला, भागाकार केला की त्वरण, एवढंच तर आहे. अंतिम वेगातून सुरुवातीचा वेग वजा करायचा आणि उरलेल्याला वेळेनं भागायचं. तिचं ५.४ सुद्धा खोटं नाही, पण ते "५.४ किमी प्रतितास, दर सेकंदाला" असं आहे. म्हणजे काट्यावर दर सेकंदाला ५.४ नं वेग वाढतोय, पहिल्या सेकंदाला ५.४, दुसऱ्याला १०.८, असं करत दहाव्या सेकंदाला ५४. गाडी तीच, वाढ तीच. फक्त पुस्तकाला उत्तर मीटर आणि सेकंदात पाहिजे आणि तिनं वेळ सेकंदात घेतली पण वेगात तास तसाच ठेवला, एकाच गणितात तास पण आणि सेकंद पण. शिवाय उत्तरापुढं युनिट लिहिलं नसणार, नुसतं ५.४ लिहिलं असणार. त्यामुळं ते अर्धवट राहिलं.

आता बदलायचं कसं. १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ३६०० सेकंद. १००० भागिले ३६०० म्हणजे ५/१८. तेव्हा किमी प्रतितासला ५ नं गुणा, १८ नं भागा. ५४ चे झाले १५ मीटर प्रतिसेकंद. थांबलेली गाडी म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. १५ वजा ०, भागिले १०, उत्तर १.५. जुळलं की नाही?

माझा तीस वर्षांचा वर्गातला अनुभव असा की त्वरणाच्या गणितात मार्क जातात ते फिजिक्समुळं नाही, ह्या ५/१८ मुळं जातात. गणित वाचलं की सूत्र लिहायच्या आधी सगळे वेग मीटर प्रतिसेकंदात करून बाजूला लिहून ठेवायचे, ही सवय लावा.

कडक_भाकरी
मास्तरांच्या बोलण्यात भर, १८ चा पाढा येत असेल तर भागाकार करायचीपण गरज नाही. १८ ला ५, ३६ ला १०, ५४ ला १५, ७२ ला २०, ९० ला २५, १०८ ला ३०. परीक्षेत बहुतेक ह्यातलेच आकडे येतेत कारण पेपर काढणाऱ्यालापण पूर्ण संख्या पाहिजे असते.

शेंगाचटणी_सोलापूर
मास्तर, लई आभार, हे पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. पोरगी शेजारीच बसलीय, तिला विचारायचंय की उत्तराला मीटर प्रति सेकंद वर्ग लिहितेत ते काय? चौरस फूट समजतं, जागा असती. चौरस सेकंद म्हणजे काय ओ?

विजापूररोड_मास्तर
फार चांगलं विचारलं पोरीनं, निम्मी मुलं हे न विचारताच दहावी पास होतात. चौरस सेकंद अशी वस्तू कुठं नसते. वेग आहे मीटर प्रतिसेकंद. तो दर सेकंदाला किती बदलतो ते आपण मोजतोय. म्हणजे "मीटर प्रतिसेकंद, प्रतिसेकंद". सेकंद दोनदा आलं, एकदा वेगातलं आणि एकदा बदलाचं, ते दोन्ही भागाकारात खाली आहेत म्हणून एकत्र करून वर्ग लिहितात. तिला मोठ्यानं वाचायला लावा: "दीड मीटर प्रतिसेकंद, दर सेकंदाला". मग वहीत दोन ओळी काढा, वरती सेकंद ०, १, २, ३, ४ आणि खाली वेग ०, १.५, ३, ४.५, ६. दहापर्यंत भरू द्या, शेवटी १५ आलं की तिचं तिलाच कळेल.

हुतात्मा_पॅसेंजर
ह्या धाग्यात एक गोष्ट स्पष्ट करावी वाटते कारण कॉलेजची पोरंपण इथं अडकतेत. वेग जास्त म्हणजे त्वरण जास्त असं नसतं. आपली मुंबई-सोलापूर वंदे भारत घ्या, १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. ह्या गाड्यांबद्दल रेल्वे सांगते की ० ते १०० किमी प्रतितास वेग ५२ सेकंदात घेते. काढा की त्वरण. १०० गुणिले ५ भागिले १८ म्हणजे २७.८ मीटर प्रतिसेकंद, भागिले ५२, आलं ०.५३. आणि वर पोरीची मोटरसायकल किती होती? १.५. म्हणजे निघतानाचं त्वरण बघितलं तर साधी मोटरसायकल वंदे भारतच्या जवळजवळ तिप्पट आहे! रेल्वेनं एवढ्या लोकांना आणि एवढ्या वजनाला घेऊन ०.५३ नं उचलणं हीच मोठी गोष्ट आहे, साध्या इंजिनच्या गाडीला तेवढं जमत नाही, कारण हिच्यात मोटरी डब्यांखाली वाटून दिलेल्या आहेत, नुसतं पुढून ओढायचं काम नाही.

आणि कुर्डुवाडी सोडल्यावर गाडी सरळ रुळावर एकाच वेगानं ११० नं चालली असेल तर त्वरण किती? शून्य. वेग ११०, त्वरण ० आणि म्हणूनच टेबलावरचा चहा हलत नाही. त्वरण पोटाला आणि पाठीला कळतं, वेग खिडकीतून बघितल्याशिवाय कळत नाही.

बारावी_सायन्स_एबी
हुतात्मा दादा एक ॲड करतो, ते ०.५३ हे सरासरी त्वरण आहे. गाडी सुरुवातीला जास्त जोरात वेग घेती आणि वेग वाढल तसं कमी कमी होतं, त्यामुळं ५२ सेकंदात गाडी किती लांब गेली हे साध्या सूत्रानं काढलं तर ते खरं येणार नाही. नववीच्या गणितात सगळीकडं "एकसमान त्वरण" असं दिलेलं असतंय ते ह्यासाठीच, ते शब्द वाचूनच गतीची समीकरणं वापरायची.

मागवाला_अशोकचौक
आमच्या घरात तीन पिढ्या माग आहेत, आधी हातमाग आता यंत्रमाग, टॉवेल काढतो. मी दहावीपर्यंतच शिकलोय पण पोरगा डिप्लोमाला आहे आणि त्यानं मागच्या सुट्टीत मला कारखान्यात उभं करून जे दाखवलं ते इथं सांगतो, कारण त्यात उणे त्वरणाचं सगळं गुपित आहे.

धोटा असतो बघा, कापडाचा आडवा धागा इकडनं तिकडं नेणारा, दोन्ही टोकाला पितळी किंवा लोखंडी टोक, मध्ये धाग्याची कांडी. तो डाव्या पेटीत थांबलेला असतो. पिकिंगचा दांडा त्याला फटका मारतो, वीतभर जागेत धोटा शून्यापासून पूर्ण वेग घेतो, ताण्यातनं म्हणजे उभ्या धाग्यांतनं पलीकडं जातो, उजव्या पेटीत शिरून वीतभर जागेतच थांबतो, आणि लगेच तिथला दांडा त्याला परत डावीकडं हाणतो. मिनिटाला शंभरच्या वर फेऱ्या. पोरगं म्हणालं बाबा ह्याचं त्वरण काढू. इथं वेळ मोजता येत नाही, डोळ्याला दिसतच नाही, म्हणून वेळ नसलेलं सूत्र घ्यायचं: अंतिम वेगाचा वर्ग वजा सुरुवातीच्या वेगाचा वर्ग बरोबर २ गुणिले त्वरण गुणिले अंतर. धोट्याचा वेग सेकंदाला १२ मीटर धरला, फटक्याची लांबी २० सेंटीमीटर म्हणजे ०.२ मीटर. १२ चा वर्ग १४४, भागिले २ गुणिले ०.२ म्हणजे ०.४. उत्तर ३६० मीटर प्रति सेकंद वर्ग!! गुरुत्वाकर्षणाचं ९.८ धरलं तर त्याच्या छत्तीस-सदतीस पट. वेळ किती तर १२ भागिले ३६०, सेकंदाचा तिसावा भाग. वंदे भारत अर्ध्यावर आणि आमचा धोटा ३६० वर. तेव्हा कळलं की पिकर, म्हणजे दांड्याचा धोट्याला लागणारा भाग, एवढ्या लवकर का झिजतेत आणि धोटा उडाला तर माणसाला एवढी इजा का होती.

आता उण्याचं. आम्ही ठरवलं डावीकडनं उजवीकडं म्हणजे अधिक. डाव्या पेटीत फटका बसला, उजवीकडं वेग वाढला, त्वरण अधिक. उजव्या पेटीत शिरला, वेग कमी झाला, त्वरण उणे. बरोबर? आता उजवा दांडा परत हाणतो, धोटा डावीकडं निघाला, वेग शून्यापासून उणे १२ झाला, म्हणजे धोटा जोरात पळायला लागला तरी त्वरण उणेच. काढून बघा, उणे १२ वजा ० म्हणजे उणे १२, भागिले वेळ. थांबतानाही उणे आणि परत निघतानाही उणे, कारण दोन्ही वेळेला ढकलणारं डावीकडंच ढकलतंय. म्हणून पोरीला "उणे म्हणजे गाडी स्लो" असं पाठ करू देऊ नका. वेग आणि त्वरण दोघांची दिशा एक असली की वेग वाढतो, उलट असली की कमी होतो.

बारावी_सायन्स_एबी
मालक, हे उदाहरण एक नंबर आहे. आमच्या कॉलेजात चिन्हाचा घोळ सगळ्यांचा होतो, एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

रूपाभवानी_ताई
मी प्राथमिकला शिकवते पण विज्ञान माझा आवडता विषय. मागवाले दादांनी दिशेचा मुद्दा काढला म्हणून लिहिते. वेगाला आकडा पण असतो आणि दिशा पण, म्हणून नुसती दिशा बदलली तरी वेग बदलला आणि त्वरण आलं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आकाशपाळणा असतो, त्यात बसल्यावर पाळणा एकाच चालीनं (चाल म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) फिरत असतो, चाल अजिबात बदलत नाही तरी पोटात गोळा येतो. का? कारण क्षणोक्षणी दिशा बदलते. ह्याचं त्वरण काढायचं सूत्र वरच्या वर्गात येतं, चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. समजा पाळण्याची त्रिज्या १० मीटर आणि एक फेरी २० सेकंदाची. परीघ ६२.८ मीटर, भागिले २०, चाल ३.१४. तिचा वर्ग ९.८६, भागिले १०, साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. आणि ह्याची दिशा कायम मधल्या आसाकडं. म्हणून वर टोकावर असताना अंग जरा हलकं वाटतं आणि अगदी तळाला आल्यावर बाकडं जास्त जोरात टेकतं. नववीच्या मुलीला सूत्र नको, पण "चाल तीच तरी त्वरण आहे" हे तिला कळायला पाहिजे, ह्यावर हमखास प्रश्न येतो.

शेंगाचटणी_सोलापूर
ताई, मालक, सगळ्यांचं एकेक वाक्य वाचायलोय आम्ही दोघं. पोरगीनं धोट्याचं गणित स्वतः करून बघितलं, ३६० आलं. आता तिचा पुढचा प्रश्न, तीन समीकरणं आहेत, कुठं कोणतं लावायचं हे कसं ओळखायचं? ती अंदाजानं लावती आणि मग अडकती.

विजापूररोड_मास्तर
अंदाज लावायचाच नाही. गणितात पाच गोष्टी असतात. सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, अंतर. कोणत्याही गणितात तीन दिलेल्या असतात, एक विचारलेली असते, आणि पाचवीचं नावच नसतं. त्या बेपत्ता पाचवीकडं बघायचं. अंतराचा उल्लेख नाही तर पहिलं, अंतिम वेग बरोबर सुरुवातीचा वेग अधिक त्वरण गुणिले वेळ. अंतिम वेगाचा उल्लेख नाही तर दुसरं, अंतर बरोबर सुरुवातीचा वेग गुणिले वेळ, अधिक अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. वेळेचा पत्ता नाही तर तिसरं, जे मागवाल्या दादांनी लावलं. आणि "विरामावस्थेतून", "ब्रेक लावून थांबली", "सोडून दिला" असले शब्द आले की त्यात एक आकडा लपलेला असतो, शून्य. तो शून्य मुलं लिहीत नाहीत आणि मग म्हणतात की माहिती कमी दिलीय.

होटगीरोड_चालक
मी गाडी चालवतो, फिजिक्स नाही येत, पण हे तिसरं समीकरण आमच्या मालकानं ट्रेनिंगला बोलावलेल्या साहेबांनी फळ्यावर सोडवून दाखवलं होतं तेव्हापासून डोक्यातनं जात नाही. ब्रेक चांगला लागला आणि रस्ता कोरडा असला तर त्वरण उणे ५ धरा. ३६ च्या वेगानं म्हणजे १० मीटर प्रतिसेकंदानं चाललो आणि ब्रेक मारला, १० चा वर्ग १००, भागिले २ गुणिले ५ म्हणजे १०, गाडी १० मीटरमध्ये थांबती. आता ७२ नं चाललो, २० चा वर्ग ४००, भागिले १०, ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेलाच, त्यात गाडी तशीच पळत असती, ३६ ला १० मीटर आणि ७२ ला २० मीटर. म्हणजे एकूण २० विरुद्ध ६० मीटर. गाळपाच्या हंगामात रात्रीच्याला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतेत, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, लाइटात ट्रॉली दिसती तीच चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावर. हिशोब करा आता. नववीच्या पोरांना हे गणित ह्या आकड्यानिशी शिकवलंच पाहिजे, दोन-तीन वर्षात तीच पोरं गाडीवर बसणार आहेत.

कडक_भाकरी
दादा हे वाचून गप्प झालो. माझ्या भाच्याला पाठवतोय आत्ताच.

बारावी_सायन्स_एबी
नववीच्या ताईसाठी अजून एक, कारण ह्याच्यावर एमसीक्यू येतंच. चेंडू सरळ वर फेकला, सगळ्यात वर गेल्यावर क्षणभर थांबला, तिथं त्वरण किती? नव्वद टक्के पोरं शून्य सांगतेत. शून्य वेग आहे, त्वरण नाही. १९.६ मीटर प्रतिसेकंदानं वर फेकला असं धर, वरची दिशा अधिक. एका सेकंदानं ९.८, दोन सेकंदानं ०, तीन सेकंदानं उणे ९.८, चार सेकंदानं उणे १९.६ आणि हातात. प्रत्येक सेकंदाला ९.८ नं कमी, मधे कुठंपण ब्रेक नाही. वर जर त्वरण शून्य झालं असतं तर चेंडू तिथंच लटकून राहिला असता. आणि हे ९.८ पण सगळीकडं सेम नसतं बरं का, ध्रुवाजवळ ९.८३ आणि विषुववृत्ताजवळ ९.७८, आपण सोलापूरकर ९.७८ च्याच आसपास.

मोबाइल असेल तर फिफॉक्स म्हणून फ्री ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं. त्यात मोबाइलमधल्या सेन्सरचं त्वरण थेट आलेखात दिसतं. "g विना" म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळून दाखवणारा प्रकार निवडायचा आणि सिटी बसमध्ये मोबाइल मांडीवर सपाट धरायचा. बस निघाली, थांबली, वळली, प्रत्येक वेळेला रेघ हलते आणि सरळ एका वेगानं चालली की शून्याजवळ थरथरत राहते.

शेंगाचटणी_सोलापूर
हे ॲप घेतलं. पण पोरीला हातानं मोजायचं काहीतरी पाहिजे, प्रोजेक्टला. घरात करता येईल असं?

रूपाभवानी_ताई
येईल की दादा, गॅलिलिओनं चारशे वर्षांपूर्वी जे केलं तेच करा. वस्तू सरळ खाली पडते ती इतक्या झटकन की त्याच्याकडं मोजायला घड्याळ नव्हतं, म्हणून त्यानं उतारावर चर पाडून त्यातनं गोळा सोडला, म्हणजे त्वरण कमी झालं आणि वेळ मोजता आली. वेळ मोजायला तो भांड्यातनं पाण्याची बारीक धार सोडून साठलेलं पाणी तोलायचा. तुमच्याकडं मोबाइलचं स्टॉपवॉच आहे.

इलेक्ट्रिकच्या दुकानातनं वायरिंगची दोन मीटरची केसिंग पट्टी आणा, वरचं झाकण काढा. फरशीवर ठेवून एक टोक वह्यांनी ५ सेंटीमीटर उचला, जास्त उचलू नका. मार्करनं वरच्या टोकापासून ५० सेंटीमीटरवर एक खूण, २०० ला पट्टी संपतेच. काचेची गोटी वर धरून नुसती सोडायची, ढकलायची नाही. ५० पर्यंतची वेळ मोजा, मग २०० पर्यंतची. प्रत्येक पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या कारण बोटाचं मागेपुढे होतं. अंतर चौपट आहे, वेळ दुप्पट आली पाहिजे. हिशोबानं ५० ला २.४ सेकंदाच्या आसपास आणि २०० ला पावणेपाचच्या आसपास येईल, घासण्यामुळं थोडी जास्तच.

त्वरण काढायला दुसरं समीकरण. सुरुवातीचा वेग शून्य म्हणून पहिला भाग गेला. उरलं काय, २ गुणिले अंतर भागिले वेळेचा वर्ग. २ गुणिले २ मीटर म्हणजे ४, भागिले पावणेपाचचा वर्ग, ०.१७ ते ०.१८ येईल. दोन्ही अंतरांवरनं काढा, दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी आली म्हणजे त्वरण एकसमान आहे, हे तिनं स्वतः सिद्ध केलं. प्रोजेक्टच्या वहीत हेच मुख्य निरीक्षण.

शेंगाचटणी_सोलापूर
करून बघितलं ताई. ५० ला २.५ आणि २०० ला ५.६ आली सरासरी. दुप्पटपेक्षा जास्त होतेय.

रूपाभवानी_ताई
पट्टी मधोमध खाली वाकलेली असणार, प्लॅस्टिक आहे ते. वाकली की वरती उतार जास्त आणि शेवटी जवळजवळ सपाट होतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात गोटी रेंगाळते. पट्टीखाली एक सरळ लाकडी फळी किंवा खिडकीच्या चॅनलचा तुकडा घाला आणि दोरा ताणून बघा की पट्टी दोऱ्याला लागून आहे का. मग परत मोजायला सांगा तिला, आणि पहिले आकडे खोडू नका, ते पण वहीत राहू द्या आणि खाली लिहा की पट्टी वाकली होती.